रश्मी बेलोऱ्याला उतरली नाही

मला विमानाचा राग आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. सव्वीस वर्षं मी रेल्वेच्या इंजिनात काढली, आधी असिस्टंट म्हणून आणि मग ड्रायव्हर म्हणून. त्यामुळे जमीन सोडून जाणाऱ्या वाहनावर माझा विश्वास बसत नाही. आमच्या बडनेऱ्याहून अमरावतीचं बेलोऱ्याचं विमानतळ हाकेच्या अंतरावर आहे. तिथं पहिल्यांदा विमान आलं तेव्हा अख्खी वस्ती गच्च्यांवर चढली होती आणि मी खाली बसून मुद्दाम पेपर वाचत होतो. असा मी माणूस. तरीही देवरावभाऊंच्या रश्मीबद्दल लिहायचं म्हटलं, की आधी हात जोडले जातात. त्याला इलाज नाही.

देवराव सिरसाट मूळचे बार्शीटाकळीकडचे. नोकरीनं बडनेऱ्याला आले आणि नव्या वस्तीत, माझ्याच गल्लीत, त्यांनी घर बांधलं. डिझेल इंजिनावर मी अकरा वर्षं त्यांचा असिस्टंट होतो. रेल्वेत एक पद्धत आहे. सिग्नल दिसला की असिस्टंटनं हात लांब करून मोठ्यानं सांगायचं, "होम सिग्नल हिरवा!" आणि ड्रायव्हरनं तेच परत म्हणायचं. दोघांच्याही डोळ्यांना तोच सिग्नल दिसत असतो, तरी म्हणायचं. नुसतं पाहणारा माणूस कधीतरी चुकतो, बोलून पाहणारा कमी चुकतो. देवरावभाऊंनी ही पद्धत घरी नेली. सुंदरावहिनींनी शेगडी बंद करून म्हणायचं, "गॅस बंद!" आणि आतल्या खोलीतून चार वर्षांच्या रश्मीनं ओरडायचं, "बंद!" दाराची कडी, पाण्याची मोटर, शाळेचा डबा, सगळ्याची अशी हाळी. गल्ली हसायची, मी सगळ्यांत मोठ्यानं हसायचो.

पुढे रश्मी विमान शिकायला लागल्यावर सुट्टीत आली तेव्हा म्हणाली, "काका, कॉकपिटमंधी बी असंच असते. एकानं म्हणाचं, दुसऱ्यानं जवाब द्याचा. बाकीच्या पोट्ट्याइले हे अंगी लावाले सहा महिने लागले. मी तं घरूनच शिकून गेली होती." त्या दिवसापासून मी हसणं बंद केलं.

पोरगी हुशार होती, पण हुशार पोरी वस्तीत पुष्कळ होत्या. हिचं वेगळेपण कानात होतं. देवरावभाऊ ड्यूटीवरून यायचे तेव्हा गल्लीच्या तोंडाशी स्कूटर वळली, की ही घरातून सांगायची, आज बाबा थकले आहेत की नाहीत. स्कूटर तीच, माणूस तोच, पण गिअर टाकायची घाई हिला ऐकू यायची. बारावीनंतर तिनं पायलट व्हायचं म्हटलं, तेव्हा मी देवरावभाऊंना बाजूला घेऊन समजावलं की बँकेची परीक्षा द्यायला लावा, पोरीचं डोकं खर्ची घालू नका. त्यांनी माझं ऐकून घेतलं आणि तिला गोंदियाच्या फ्लाइंग स्कूलमध्ये सोडून आले. शिष्यवृत्ती तिनं स्वतः मिळवली होती.

पंचविसाव्या वर्षी ती लायसन घेऊन घरी आली, आणि घरीच बसली. कुठल्या कंपनीत भरती नव्हती. एक कंपनी बुडालेली, दुसरीची विमानं इंजिनाविना उभी, तिसरीला आधीच अनुभव असलेले लोक हवे होते. दोन वर्षं ही पोरगी नागपूरच्या विमानतळावर काउंटरमागे उभी राहून लोकांच्या बॅगांना चिठ्ठ्या लावत होती. "लायसनले फ्रेम करा आन् भिंतीवर लावा," असं तेव्हा एक माणूस देवरावभाऊंना चार लोकांत म्हणाला होता. तो माणूस मी. आज आठवलं की स्वतःच्या तोंडात मारून घ्यावीशी वाटते.

मग हैदराबादच्या गोदा एअरमध्ये तिला घेतलं. लहान कंपनी, पंख्याची बारा विमानं, सत्तर माणसं बसतात एकात. लहान गावांना जोडायचं, छोट्या धावपट्टीवर उतरायचं, असा त्यांचा धंदा. ती कामावर चढली आणि वर्षाच्या आत करोनाची टाळेबंदी लागली. विमानं उभी, पायलट घरी. एक दिवस सकाळी मी पेपर परत द्यायला त्यांच्याकडे गेलो, तर ही समोरच्या खोलीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलेली. भिंतीवर कॉकपिटचं कागदी चित्र, खऱ्याएवढ्या मापाचं. कागदावरच्या बटणांना बोट लावून ती एकेक नाव घेत होती, आणि बाजूच्या स्टुलावर बसलेले देवरावभाऊ प्रत्येकाला जवाब देत होते. त्यांना त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. रोज सकाळी दोन तास, आठ महिने हे चाललं. मी दारातून परत फिरलो. त्या पोरीचा मला पहिल्यांदा धाक वाटला तो तेव्हा.

त्यानंतर पाच वर्षं ती उजव्या खुर्चीत उडली. उजवी खुर्ची म्हणजे सहपायलट, खांद्यावर तीन पट्ट्या. डाव्या खुर्चीत कॅप्टन, त्याला चार. हे ऐकून देवरावभाऊंना फार समाधान वाटलं होतं. "आपला ड्रायवर बी डावीकडंच बसते," ते म्हणाले होते, "मंग बरोबर हाये." गेल्या वर्षी तिची कॅप्टन व्हायची पाळी आली. वर्ग झाले, लेखी परीक्षा झाली, नकली कॉकपिटमधली परीक्षा झाली. परीक्षकाला उजवीकडे बसवून डाव्या खुर्चीतून चाळीस फेऱ्या झाल्या. उरली होती एकच शेवटची परीक्षा, ठरलेल्या मार्गावर एक जाणं आणि एक येणं.

आणि दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले नाहीत, तोच कंपनीची मेल आली. भाड्यानं घेतलेली बाराच्या बारा पंख्याची विमानं आयर्लंडच्या मालकाला परत जाणार, एकतीस डिसेंबरपर्यंत. त्यांच्या जागी मोठी जेट विमानं येणार. कोणाला काढणार नाही म्हणे, पण जो जसा असेल तसा जेटवर जाणार. चार पट्ट्या असलेला कॅप्टन जेटवर वर्ष-दीड वर्षात पुन्हा कॅप्टन. तीन पट्ट्यावाला नव्या यादीत शेपटाला. रश्मीनं हिशेब करून सांगितला: एकतीस तारखेच्या आत शेवटची परीक्षा झाली तर ठीक, नाहीतर पुन्हा डावी खुर्ची मिळायला सात वर्षं, तीही कंपनी जगली तर. विमान कंपन्या किती जगतात ते आपण पेपरात वाचतोच.

मला हे सगळं ओळखीचं होतं. आमच्या मार्गांवर डिझेल जाऊन विजेचं इंजिन आलं, तेव्हा आम्हा जुन्या ड्रायव्हरांना पुन्हा भुसावळच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये पाठवायचं ठरलं. देवरावभाऊ पंचावन्नाव्या वर्षी वही घेऊन गेले आणि पंचविशीच्या पोरांच्या बाकावर बसले. मी बावन्नाव्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेतली. लोकांना सांगितलं, गुडघे दुखतात. गुडघे काही दुखत नव्हते. काल ज्या पोरांना मी इंजिनातून खाली उतरवलं, त्यांच्या शेजारी बसून मला शिकायचं नव्हतं. साधी गोष्ट आहे, मी पळालो.

तरीही फोनवर मी तिला शहाणपण शिकवलंच. "सोडून दे वं बाई," म्हटलं, "आपला मान ठेवून बाहेर पड."

"तुमी सोडलं तवा मंग काय केलं, काका?"

"काई नाई. टीव्ही पाह्यला."

"मंग?" ती म्हणाली, आणि हसली. तिच्या हसण्यात टोचणी नव्हती, म्हणून जास्त लागलं.

शेवटच्या परीक्षेची तारीख ठरली सत्तावीस डिसेंबर, आणि मार्ग ठरला हैदराबाद ते अमरावती आणि परत. गोदाचं विमान आठवड्यातून दोनदा बेलोऱ्याला यायचं, त्यातली ही शेवटून दुसरी फेरी. वस्तीत गुलाल उधळायचाच बाकी राहिला. आपली पोरगी, आपल्या गावी, कॅप्टनच्या खुर्चीत बसून उतरणार! सुंदरावहिनींनी गेटवर जायची तयारी केली, हार सांगितले. रश्मीनं मात्र बजावलं होतं, "परीक्षा हाये, सोहळा नाही. बाबा, तुमी बी गेटवरच उभे राह्यजा, आत येण्याची खटपट करू नका."

देवरावभाऊंनी मान डोलावली आणि संध्याकाळी माझ्याकडे येऊन म्हणाले, "श्याम, हैदराबादची दोन तिकिटं काढ."

"कायची? रेल्वेची?"

"जातानी रेल्वेची. येतानी तिची."

आयुष्यभर नियमानं वागलेला माणूस चौसष्टाव्या वर्षी पोरीपासून लपून तिच्या विमानात बसायला निघाला होता. आणि विमानाचा राग असलेला मी त्याच्यासोबत. आम्ही अकोल्याहून हैदराबादची, काचीगुड्याची गाडी धरली. सुंदरावहिनींना सांगितलं, नांदेडला एका जुन्या ड्रायव्हरकडे लग्न आहे, पण परस्पर बेलोऱ्याला पोचतो.

सकाळी विमानाच्या शिडीजवळ पोचल्यावर देवरावभाऊ चढेचनात. इंजिनाला एक चक्कर मारल्याशिवाय ड्रायव्हर वर चढत नाही, ही त्यांची सवय. वाकून चाकं पाहिली, मान वर करून पंखा पाहिला, तेल गळतं का तेही पाहिलं. विमानतळाचा माणूस ओरडला, "बाबा, चला!" तेव्हा कुठे ते वर आले. आम्हाला सातवी ओळ मिळाली होती. पुढचं कॉकपिटचं दार बंद होतं. स्पीकरवरून तिचा आवाज आला, नेहमीचा, बारीक, न घाईचा. देवरावभाऊंनी माझा गुडघा दाबला.

उडताना मी डोळे मिटून घेतले, ते मान्य करतो. उघडले तेव्हा देवरावभाऊ खिडकीला कान लावून बसले होते. डोळे नाही, कान. दोन इंजिनांचा आवाज एकमेकांत मिसळलेला आहे का नाही, ते ऐकत होते. बराच वेळ ऐकून म्हणाले, "गुळगुळीत हाये." इतक्या वर्षांत त्यांनी माझ्या चालवण्याला हा शब्द कधी वापरला नव्हता.

सव्वा तासानं तिनं सांगितलं की अमरावतीला धुकं आहे, थोडा उशीर होईल. विमान खाली यायला लागलं. खिडकीबाहेर पांढरं, नुसतं पांढरं. पंखाच्या टोकाचा दिवासुद्धा दिसेना. चाकं बाहेर आल्याचा धडधडाट झाला, आणि एकाएकी दोन्ही इंजिनं अशी गरजली की माझ्या हातातला पेला सांडला. विमान वर निघालं. मागे एक बाई रडायला लागली.

देवरावभाऊ शांत. आजूबाजूच्या चार लोकांना ऐकू जाईल अशा बेतानं ते म्हणाले, "सिग्नल नाई भेटला. आउटरले उभं केलं."

शेजारचा तरुण म्हणाला, "काकाजी, विमान उभं कसं राहीन?"

"मंग गोल फिरवतीन," देवरावभाऊ म्हणाले. "पण चूक ड्रायवरची नाई. लाइन क्लियर नसंल."

मीही जोरात मान हलवली. आम्ही दोघं रेल्वेवाले, आम्हाला दुसरं काही सुचतच नव्हतं. गाडी थांबली म्हणजे कोणीतरी थांबवली, एवढंच आमचं ज्ञान. आणि खरोखरच विमान वीस मिनिटं गोल फिरलं, त्यामुळे आमची पत वाढली. लोक आम्हाला शंका विचारायला लागले.

मग दुसऱ्यांदा खाली. या वेळी आणखी शांतपणे, आणखी खाली. देवरावभाऊंनी माझं मनगट धरलं होतं. खाली आपलं बडनेरा होतं, कुठेतरी तिथं सुंदरावहिनी हार घेऊन उभ्या होत्या, आणि चार पट्ट्या तर अगदी हाताच्या अंतरावर होत्या. मी मनात म्हणत होतो, टेकव, बाई, टेकव. पुन्हा इंजिनं गरजली आणि विमान पुन्हा वर गेलं.

थोड्या वेळानं तिचा आवाज आला. म्हणाली, अमरावतीला उतरणं शक्य नाही, आपण नागपूरला जात आहोत, गैरसोयीबद्दल क्षमा असावी. आवाज सकाळी होता तसाच होता. पुढच्या ओळीतला सूटवाला मागे वळून म्हणाला, "बाई चालवून राहिली ना, म्हणून असं होते." मी सीटचा पट्टा सोडून उभा राहिलो आणि त्याला सांगितलं की इतकं जमत असेल तर जा पुढं आणि तू उतरव. हवाई सुंदरीनं मला खांद्याला धरून खाली बसवलं. विमानाचा माझा राग त्या क्षणी कुठे गेला होता कोण जाणे.

नागपूरला लोणी कापावं तसं उतरलं विमान. सगळे निघून गेले तरी आम्ही बसून राहिलो. कॉकपिटचं दार उघडलं, आधी परीक्षक कॅप्टन आले आणि त्यांच्या मागे रश्मी. आम्हाला पाहून ती जागीच थांबली.

"बाबा? तुमी इथं कसे?"

"तिकीट काढलं हाये," देवरावभाऊ म्हणाले, अपराध्यासारखे.

तिनं एकदा परीक्षकांकडे पाहिलं, मग आमच्याकडे. मग बाबांचा हात धरून शिडीवरून खाली आणलं. हात थंडगार होता तिचा, असं देवरावभाऊ मला नंतर म्हणाले. परीक्षक भला माणूस वाटला. त्यांनी आम्हाला हिंदीत सांगितलं की तुमच्या मुलीनं उड्डाणात काही चूक केली नाही. पण परीक्षेच्या कागदावर अमरावतीला उतरणं आणि तिथून उडणं लिहिलं होतं. नागपूर त्यात बसत नव्हतं. कंपनीनं प्रवाशांसाठी बस मागवली आणि विमान तिथूनच हैदराबादला परत नेलं. परीक्षा अर्धी राहिली, पुन्हा घ्यावी लागणार होती. ती घ्यायला चार दिवस उरले होते, आणि विमानं रोज एकेक करून निघून चालली होती.

बसमध्ये तिवसा येईपर्यंत देवरावभाऊ बेलोऱ्याच्या विमानतळावरच्या टॉवरवाल्यांना शिव्या घालत होते. "सिग्नल द्याले उशीर केला त्याइनं. पोरीची जिंदगी खराब केली." मीही साथ दिली. टॉवरवाले समोर असते तर आम्ही दोघांनी त्यांना नक्कीच बडवलं असतं.

बेलोऱ्याची शेवटची फेरी विमानाअभावी रद्द झाली आणि एकतीस तारीख गेली. परीक्षा झाली नाही.

जानेवारीच्या तीन तारखेला, शनिवारी, रश्मी घरी आली. तीनच पट्ट्या. सोमवारपासून तिला जेटच्या वर्गाला जायचं होतं. मी चहाला गेलो. शेवटी सुंदरावहिनींना राहवलं नाही.

"आमी गेटवर उभे होतो," त्या म्हणाल्या. "दोनदा डोक्यावरून आवाज गेला. दुसऱ्या बारीले तं इतका खाली आला का मले वाटलं, आता पोरगी आलीच. मंग काहून गेली वं तू वापस? थोडीशीक अजून खाली आली असती तं काय झालं असतं?"

"तिले काहून बोलतं?" देवरावभाऊ उसळले. "टॉवरनं सिग्नल नाई देल्ला तं ती काय करीन?"

"टॉवरचं काही नाही, बाबा," रश्मी म्हणाली. "टॉवर फक्त हवा कशी हाये थे सांगते. उतराचं का नाही, हे तिथं कोणीच सांगत नाही. थे मी ठरवलं."

आमचे दोघांचे चहाचे कप तसेच राहिले. मग तिनं नीट समजावून सांगितलं. धुक्यात उतरताना एक उंची ठरलेली असते. तिथपर्यंत यायचं. तिथं धावपट्टी दिसली तर उतरायचं, नाही दिसली तर 'गो अराउंड' असं मोठ्यानं म्हणून इंजिनाचे दांडे पुढे ढकलायचे आणि वर निघायचं. पहिल्या वेळी काहीच दिसलं नाही. दुसऱ्या वेळी ती त्या उंचीवर आली, समोर पांढरं होतं. तिनं म्हटलं, दांडे पुढे ढकलले.

"आन् मंग दिसला," ती म्हणाली.

"काय दिसला?" मी विचारलं.

"रनवे. दोन्हीकडचे लाइट, मधातली पट्टी, सगळं. एकदम समोर. एका सेकंदानं."

मी ओरडलोच असेन. "मंग उतरवाचं ना! उतरवता नसतं आलं काय?"

"आलं असतं, काका. सत्तर वेळा आलं असतं. एखादं वेळी नसतं आलं. थे एखादं वेळ कोणतं, हे आधी समजत नाही. एकदा वर जाचं म्हटलं का वरच जाचं. बाजूच्या कॅप्टनले बी दिसलं. थे काही बोलले नाही. मी बी नाही."

"आन् खांद्यावरची पट्टी? थे नाई आठवली तुले?" मी विचारलं.

"आठवली ना," ती म्हणाली. "तवाच आठवली."

मी आयुष्यात पुष्कळ धाडसी माणसं पाहिली आहेत. पेटलेल्या डब्यात शिरणारा गार्ड पाहिला, पुराच्या पाण्यात पूल तपासणारा गँगमन पाहिला. पण त्यांच्याकडे पाहणारं कोणीतरी होतं. इथं सात वर्षांचं भवितव्य समोर दिवे लावून उभं होतं, ते तिच्या आणि परीक्षकाच्या डोळ्यांशिवाय कोणाला दिसलं नाही, आणि हिनं ते पायाखालून जाऊ दिलं. मला तिच्याकडे नीट पाहवेना. समोर बसलेली ही पोरगी मी पाळण्यात पाहिली होती.

देवरावभाऊंनी कप खाली ठेवला. मग माझ्याशी बोलले, तिच्याशी नाही.

"श्याम, धुकं असलं का आपल्यासाठी रुळावर फटाके ठेवत. आठवते?"

आठवत होतं. सिग्नलच्या अलीकडे एक गँगमन रुळावर फटाके बांधून शेकोटीपाशी बसलेला असायचा. चाकाखाली फटाका वाजला, की ड्रायव्हरला कळायचं सिग्नल जवळ आला, गाडी आवर.

"थंडीत कोणीतरी बसलं राह्यत जाय आपल्यासाठी," देवरावभाऊ म्हणाले. "म्हणून आपण थांबलो, बाप्पा. आपण काई मोठे नोहतो. हिच्यासाठी तिथं कोणी नोहतं."

 सुंदरावहिनी पदर तोंडाला लावून उठल्या आणि पोरीजवळ जाऊन बसल्या. रश्मी आईच्या खांद्याला टेकली आणि बाबांकडे पाहून म्हणाली, "एक गोष्ट बरी झाली, बाबा. तुमी येऊन राहिले हे तुमी मले सांगितलं नाही. तुमी सातव्या लाइनीत बसून वाट पाहून राहिले, हे मले माहीत असतं, तं मी एक सेकंद अजून थांबली असती."

 देवरावभाऊ उठून आतल्या खोलीत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. दुसऱ्या दिवशी रविवारी आम्ही तिला अकोल्याला काचीगुड्याच्या गाडीत बसवून दिलं. जेटच्या वर्गात एक्केचाळीस जणांची यादी लागली होती, तिचं नाव एक्केचाळिसावं होतं.